भिंगऱ्या ओळखताना या चुका टाळा

पक्षीनिरीक्षकांच्या गटांत दर पावसाळ्यात भिंगरीचा (इंग्रजीत स्वॅलो) एक फोटो हमखास येतो. जुलै महिना, नदीवरचा पूल, तारेवर निळाकाळा पक्षी आणि खाली नाव 'माळभिंगरी', म्हणजे बार्न स्वॅलो. अहो, महाराष्ट्रात माळभिंगरी ही हिवाळी पाहुणी. ऑगस्ट-सप्टेंबरात यायला लागते आणि एप्रिलपर्यंत बहुतेक जणी उत्तरेकडे परततात. जुलैत हे नाव लिहिण्याआधी महिना तरी बघावा.

फोटो मोठा केला की गळा पांढराशुभ्र निघतो, छातीवर पट्टा नसतो, डोक्यावर तांबूस टोपी असते. म्हणजे तारवाली भिंगरी (वायर-टेल्ड स्वॅलो), बारमाही इथलीच. मग ठरलेला प्रश्न येतो, "पण शेपटीच्या तारा कुठायत?" त्या दोऱ्याएवढ्या बारीक असतात, लांबून दिसत नाहीत, तुटतातही. मादीच्या आखूड असतात, पिल्लांना नसतातच. पिल्लाची टोपीही मळकट तपकिरी असते.

माळभिंगरीच्या लांब दुभंगलेल्या शेपटीवरही विसंबू नका. ती पिसं हिवाळ्यात, म्हणजे आपल्याकडे असतानाच बदलते, आणि त्या वर्षीच्या पिल्लांची शेपटी आखूडच असते. म्हणून शेपटी सगळ्यात शेवटी बघायची. आधी गळा आणि कपाळ: तांबडे असले आणि गळ्याखाली गडद पट्टा असला तर माळभिंगरी. मग कंबर: तांबूस असली आणि शेपटीखालचा भाग शाईत बुडवल्यासारखा काळा असला तर लालबुडी भिंगरी (रेड-रम्प्ड स्वॅलो). गळ्यावर ठळक रेघोट्या, डोकं तांबूस आणि शेपटी जेमतेम खाचेची असेल तर स्ट्रीक-थ्रोटेड स्वॅलो. हिची मातीची घरटी पुलाखाली एकमेकांना चिकटून असतात.

दुसरी चूक पाकोळीची. ती भिंगरीसारखी दिसते, पण कुळ वेगळं; मार्टिन मात्र भिंगरीच्याच कुळातली. पांढरी कंबर दिसली की 'मार्टिन' लिहून मोकळे! गावात, जुन्या इमारतींवर किलबिलत घिरट्या घालणारी ती बहुधा छोटी पाकोळी, म्हणजे लिटल स्विफ्ट. तिचे पंख कोयत्यासारखे ताठ असतात आणि ती तारेवर कधीच बसत नाही. तारेवर बसलेला पक्षी पाकोळी नव्हे, एवढं पाठ केलं तरी निम्म्या चुका टळतील.

उलट गडकोटांवर आणि लेण्यांत दिसणारी, अंगभर काजळी-तपकिरी, चौकोनी शेपटीची डस्की क्रॅग मार्टिन खरी मार्टिन असूनही 'स्विफ्ट' म्हणून नोंदली जाते. शेपटी पसरली की पांढरे ठिपके दिसतात, तेवढी वाट पाहायची. ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि निसर्ग अभ्यासक कर्नल साइक्स यांनी १८३२ साली तिचं शास्त्रीय वर्णन केलं, तेही आपल्या दख्खनमधूनच. ती बारमाही आहे, 'स्थलांतरित' लिहू नका.

घरटं बघूनही नाव कळतं. उघडी अर्धी वाटी असेल तर तारवाली किंवा क्रॅग मार्टिन, बोळाच्या तोंडाची सुरई असेल तर लालबुडी. विष्ठा पडते म्हणून घरटं पाडायचं कारण नाही, खाली फूटभर अंतरावर फळी ठोका. आणि घरट्यावर फ्लॅश मारू नका.

उडत्या भिंगरीसाठी कॅमेऱ्याचा शटर १/२००० सेकंदापेक्षा मंद नको, ऊन पाठीशी हवं. त्यापेक्षा सकाळी तारेवर बसलेली गाठा. धूसर फोटो पक्षी ओळखणाऱ्या ॲपला देऊन येईल ते नाव उतरवणं म्हणजे निरीक्षण नाही. गळा दिसला नसेल तर यादीत नुसतं 'भिंगरी' लिहा, चालतं.