बागेतील लाकडी शेडमधली ओल आणि बुरशी कशी घालवावी

बडोद्यात पावसाने एकदा जोर धरला की गणपतीपर्यंत हवा दमटच राहते. या काळात बागेतील लाकडी शेडचे दार उघडताच कुबट वास येणे, खुरप्याच्या मुठीवर पांढरी लव दिसणे आणि कोपऱ्यातील फळ्यांवर काळे ठिपके उमटणे हा अनुभव बंगल्यांच्या आवारात सर्रास येतो. अशा वेळी बहुतेक जण ब्लीच लावून फळ्या पुसून घेतात, आणि बुरशी थोड्याच दिवसांत त्याच जागी परत उगवते, कारण तिला लागणारे पाणी कोठून येते याकडे कोणीच पाहिलेले नसते.

म्हणून पहिले काम पाण्याची वाट शोधण्याचे. जमीन फरशीची किंवा काँक्रीटची असेल, तर हातभर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा तिच्यावर पसरून चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि एक दिवस तसाच ठेवावा. प्लास्टिकच्या खालच्या बाजूला थेंब जमले तर ओल जमिनीतून वर चढते आहे. वरच्या बाजूला जमले तर ती हवेतली आहे. पत्र्याचे छत पहाटे पाहावे. पत्र्याच्या आतल्या बाजूला सगळीकडे सारखे थेंब लोंबत असतील, तर रात्री गार झालेल्या पत्र्यावर दमट हवेचे पाणी झाले आहे असे समजावे. पण एखाद्याच स्क्रूपासून वाशावर काळपट ओघळ उतरला असेल, तर तेथील वायसर गेला आहे आणि छत गळते आहे. भिंतीच्या सर्वांत खालच्या दोन फळ्याच काळ्या पडल्या असतील, तर दोष बहुधा पागोळ्यांचा असतो, कारण छतावरून पडणारे पाणी जमिनीवर आपटून भिंतीवर उडत राहते.

बडोद्याची काळी माती या बाबतीत फार त्रास देते. ती पावसात फुगते आणि पाणी धरून ठेवते, तर उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, त्यामुळे तिच्यावर थेट टेकवलेली लाकडी चौकट भिजते आणि कालांतराने वाकडीही होते. शेडला जॅक लावून उचलणे शक्य असेल तर सुताराच्या मदतीने ती विटांच्या किंवा काँक्रीटच्या खांबांवर किमान वीतभर उंच घ्यावी आणि लाकूड व बांधकाम यांच्यामध्ये डांबरी फेल्टची पट्टी घालावी. ते जमणार नसेल तर निदान भिंतीलगतची माती, कुंड्या आणि वेली दूर कराव्यात, भोवती फूट-दीड फूट रुंदीचा खडीचा पट्टा करावा, जमिनीचा उतार बाहेरच्या बाजूला द्यावा आणि छताला पन्हळ बसवावी. माझ्या मते पन्हळीवर केलेला खर्च महागड्या बुरशीनाशक रंगापेक्षा केव्हाही अधिक उपयोगी पडतो.

हवा खेळण्यासाठी एका भिंतीत खाली आणि समोरच्या भिंतीत छताजवळ जाळीची झडप ठेवावी. भर पावसात दिवसभर दार उघडे टाकून मात्र काही साधत नाही, कारण बाहेरची हवाही तितकीच ओली असते. उघडीप पडून ऊन आले की दुपारी दोन-तीन तास दार उघडावे.

यानंतर लाकूड कितपत शाबूत आहे ते तपासावे. टोच्या किंवा जुना स्क्रूड्रायव्हर फळीत दाबून पाहावा: टोक अडले तर बुरशी वरवरची आहे, ते लोण्यासारखे आत शिरले तर फळी कुजली आहे आणि ती बदलण्याला पर्याय नाही. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर ती वाळवी, आणि तिचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो. प्लायवूड बदलताना साधे न घेता आयएस 710 (पाण्यात टिकणाऱ्या प्लायचे भारतीय मानक) छापाचे मरीन प्लाय घ्यावे. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीला आलेल्या पुरासारख्या पुराचे पाणी शेडमध्ये शिरले असेल, तर हातमोजे घालून आधी सगळा गाळ धुऊन काढावा आणि तळाच्या फळ्या उचलून खालची बाजूही सुकू द्यावी.

बुरशी साफ करताना एन-95 मास्क लावावा आणि कोरडा ब्रश मुळीच मारू नये, कारण त्याने बीजाणू हवेत उडतात. कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून फळी ओल्या ब्रशने रेषांच्या दिशेने घासावी आणि लगेच कोरड्या फडक्याने टिपावी. ब्लीचने डाग फिका होतो, परंतु त्यातले पाणी लाकडात मुरते आणि मुळाशी असलेली बुरशी बऱ्याचदा तशीच राहते. ते वापरायचेच असेल तर ॲसिड किंवा अमोनियाच्या कोणत्याही क्लीनरमध्ये कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो. साफ केलेल्या फळीला एक लिटर गरम पाण्यात 60 ग्रॅम टंकणखार आणि 40 ग्रॅम बोरिक पावडर विरघळवून तो द्राव दोनदा लावावा. हा द्राव मुलांपासून दूर ठेवावा. पावसाने तो धुऊन जातो, म्हणून बाहेरच्या बाजूला त्यावर रंगाचा किंवा तेलाचा थर हवाच.

तो थर देण्याची घाई मात्र करू नये. ओल्या लाकडावर ऑइलपेंट मारला की ओल आत कोंडते आणि पुढच्या वर्षी पोपडे सुटतात. नवरात्र उलटून गेल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात शेड रिकामी करून चांगली तापू द्यावी. सुताराकडे मॉइश्चर मीटर असेल तर आकडा 15 टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत थांबावे, कारण 20 टक्क्यांच्या वर लाकूड कुजण्याचा धोका सुरू होतो. कच्चे अळशीचे तेल टाळावे, ते बुरशीचे खाद्य आहे. बाहेरच्या लाकडासाठी मिळणारे बुरशीरोधक वुड फिनिश घ्यावे आणि फळ्यांच्या कापलेल्या टोकांना ते दोन हात जास्त द्यावे, कारण लाकूड सर्वांत जास्त पाणी टोकांतूनच पिते. तेलाचे फिनिश लावले असेल तर त्याची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत, ती आपोआप पेटू शकतात. बाहेर पसरून वाळवावीत.

सामान परत लावताना ते भिंतीपासून चार बोटे दूर आणि मांडणीवर ठेवावे. युरियाची पोती शेडमध्ये उघडी ठेवू नयेत. तो हवेतले पाणी ओढून घेतो, म्हणून झाकणाच्या पिंपात भरावा.