अलास्काची क्रूझ दोघांसाठी बुक करताय? कंपनी निवडताना या चुका टाळा

आम्ही दोघांनी पहिली अलास्का क्रूझ जहाजाचे फोटो बघून बुक केली होती. मोठं थिएटर, वॉटर स्लाइड, दहा-बारा रेस्टॉरंटं, आणि वर्णनात लिहिलेलं "ग्लेशियर क्रूझिंग", झालं, आम्हाला वाटलं सगळं मिळालं. प्रत्यक्षात त्या दिवशी जहाज एका फिऑर्डमध्ये (उंच कड्यांमधल्या अरुंद खाडीत) शिरलं, समोर पाण्यात बर्फाचे तुकडे इतके होते की कॅप्टनने लांबूनच वळवलं, आणि ज्या हिमनदीसाठी आम्ही एवढ्या लांब गेलो ती आम्हाला वळणापलीकडे एक निळसर पट्टी म्हणून दिसली. नवरा दुर्बीण हातात घेऊन कितीतरी वेळ रेलिंगपाशी उभाच होता. कॅप्टनचं काही चुकलं नव्हतं, बर्फात जहाज घालायचं नसतंच. चूक बुकिंगच्या वेळची होती. नंतर आम्ही दुसऱ्यांदा गेलो तेव्हा आधी नकाशा घेऊन बसलो आणि कंपनीचं नाव सगळ्यात शेवटी ठरवलं, आणि ती ट्रिप आमच्या दोघांच्या आयुष्यातली सगळ्यात सुंदर ट्रिप झाली. म्हणून हे सगळं लिहितेय.

"ग्लेशियर क्रूझिंग" आणि "ग्लेशियर बे" एकच समजणं

ही चूक सगळ्यात जास्त लोक करतात. ग्लेशियर बे हे नॅशनल पार्क आहे, आणि तिथे दिवसाला फक्त दोन मोठी क्रूझ जहाजं सोडतात, त्यासाठी पार्कचं परमिट लागतं. ही परमिटं मुख्यतः हॉलंड अमेरिका आणि प्रिन्सेस या क्रूझ कंपन्यांकडे आहेत, नॉर्वेजियनच्याही काही फेऱ्या जातात. रॉयल कॅरिबियन किंवा सेलिब्रिटी घेतलीत तर साधारणपणे हबर्ड ग्लेशियर किंवा एंडिकॉट आर्म नावाचं फिऑर्ड मिळतं. त्यातही एकाच कंपनीची सगळी जहाजं एकाच ठिकाणी जातात असं नाही, त्यामुळे कंपनीच्या नावावर न जाता तुमच्या तारखेच्या इटिनररीत नेमकं कुठल्या जागेचं नाव लिहिलंय ते शोधा. नाव नसेल, नुसतं "ग्लेशियर" किंवा "फिऑर्ड" असेल, तर फोन करून विचारा.

ग्लेशियर बेमध्ये जहाज जवळजवळ अख्खा दिवस असतं, सकाळी पार्क रेंजर जहाजावर चढतात, माइकवरून माहिती सांगतात, डेकवर उभे राहून प्रश्नांची उत्तरं देतात. १७९४ मध्ये कॅप्टन व्हँकुव्हरच्या मोहिमेतले लोक इथे आले तेव्हा ही खाडी जवळपास नव्हतीच, तोंडाशीच बर्फाची भिंत होती. ती आता शंभर किलोमीटरहून जास्त मागे गेलीय. म्हणजे तुमचं जहाज दिवसभर ज्या पाण्यातून जातं ते सव्वादोनशे वर्षांपूर्वी बर्फ होतं. हे रेंजरच्या तोंडून ऐकताना दोन्ही बाजूंचे डोंगर बघायचे, खाडीच्या तोंडाशी दाट झाडी, आत जावं तशी झाडी विरळ, मग झुडपं, मग नुसता दगड, कारण आतली जमीन बर्फाखालून अलीकडेच मोकळी झालीय. मला तर हिमनदीइतकंच हे आवडलं.

पण म्हणून हबर्ड कमी दर्जाचं आहे असं अजिबात नाही. हबर्ड सुमारे १२२ किलोमीटर लांब आहे, समुद्राकडचं तोंड दहा किलोमीटरच्या आसपास रुंद, आणि बाकीच्या बहुतेक हिमनद्या मागे हटत असताना ही पुढे येतेय. फक्त तिथे किती जवळ जाता येईल ते त्या दिवशीच्या बर्फावर आणि धुक्यावर अवलंबून, आणि वेळ कमी, काही तासच. ट्रेसी आर्म या फिऑर्डबद्दल मात्र जुने व्हिडिओ बघून ठरवू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे मोठी दरड कोसळून त्सुनामी आली, त्यानंतर कंपन्यांनी आपली जहाजं एंडिकॉट आर्मकडे वळवली.

जहाज कुठून सुटतं हे न बघणं

सिएटलची विमानं स्वस्त आणि सोयीची म्हणून लोक डोळे झाकून सिएटलहून राउंड ट्रिप घेतात. यात दोन गोष्टी लक्षात येत नाहीत. एक म्हणजे समुद्र. कॅनडातल्या व्हँकुव्हरहून निघालेलं जहाज व्हँकुव्हर बेटाच्या आतल्या बाजूने, दोन्हीकडे डोंगर असलेल्या शांत पाण्यातून वर जातं, यालाच लोक इनसाइड पॅसेज म्हणतात. सिएटलची मोठी जहाजं बऱ्याचदा बेटाच्या बाहेरून, उघड्या पॅसिफिकमधून जातात. म्हणजे एक अख्खा दिवस क्षितिजाशिवाय काही दिसत नाही आणि ज्याला बोट लागते त्याचे हाल. दुसरं म्हणजे कायदा. अमेरिकेत १८८६ पासून एक कायदा आहे की परदेशी झेंड्याच्या (म्हणजे परदेशात नोंदलेल्या) जहाजाने अमेरिकेच्याच बंदरातून निघून अमेरिकेतच परत यायचं असेल तर मध्ये परदेशी बंदरात थांबावं लागतं. जवळजवळ सगळी मोठी क्रूझ जहाजं परदेशी झेंड्याची, म्हणून सिएटलची जहाजं कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात, आणि बऱ्याच फेऱ्यांत तो थांबा संध्याकाळी उशिराचा, काही तासांचा असतो. तुमच्या यादीत "चार पोर्ट" दिसतात त्यातला हा एक.

इथेच व्हिसाचा घोळ होतो. भारतीय पासपोर्टवर जाणार असाल तर अमेरिकेच्या व्हिसाबरोबर कॅनडाचाही व्हिसा लागतो, मग तुम्ही व्हिक्टोरियाला खाली उतरणार नसलात तरी. व्हिसा नसेल तर चेक-इन काउंटरवरूनच परत पाठवतात, आणि अशा वेळी पैसेही परत मिळत नाहीत. बुकिंगआधी दोघांचे पासपोर्ट, व्हिसाच्या तारखा, किती वेळा प्रवेश करता येतो, सगळं समोर ठेवून तपासा.

माझं मत विचाराल तर दोघांसाठी सगळ्यात छान व्हँकुव्हर ते अलास्कातलं सीवर्ड किंवा व्हिटियर अशी एकमार्गी सात रात्रींची फेरी. परत त्याच पाण्यातून यायचं नसतं, म्हणून तेवढ्याच दिवसांत जास्त उत्तरेपर्यंत जाता येतं आणि शेवटी रेल्वेने किंवा गाडीने डेनाली नॅशनल पार्ककडे जाता येतं. तोटा म्हणजे दोन वेगळ्या शहरांची विमानाची तिकिटं, आणि गल्फ ऑफ अलास्का ओलांडताना एखादी रात्र जहाज हलतं. सीवर्डहून अँकरेज विमानतळ साधारण २०० किलोमीटर आहे, त्यामुळे उतरायच्या दिवशी दुपारचं विमान घेऊ नका, संध्याकाळनंतरचंच घ्या. आणि निघायच्या शहरात आदल्या दिवशीच पोचा. जहाज कुणासाठी थांबत नाही.

दोघांनी आपापसात न बोलणं

हे ऐकायला साधं वाटतं, पण पैसे इथेच वाया जातात. एकाला रानात जायचंय, कयाक चालवायचीय, अस्वल बघायचंय, दुसऱ्याला गरम पाण्याचा टब, चांगलं जेवण, रात्री गाणी. मग दोघं मिळून "मधलं काहीतरी" घेतात आणि दोघांनाही अर्धवट मिळतं. आम्ही दुसऱ्या वेळी वेगवेगळ्या कागदावर तीन-तीन गोष्टी लिहिल्या, एकमेकांना न दाखवता, आणि मग कागद बदलले. माझ्या यादीत "गर्दी नको" पहिलं होतं आणि त्याला हे इतकी वर्षं माहीत नव्हतं.

गर्दी नको असेल तर जहाजाचा आकार हा सगळ्यात मोठा मुद्दा. चार हजार प्रवाशांचं जहाज जिथे लागतं तिथे तेवढी माणसं एकदम उतरतात, आणि अशी तीन-चार जहाजं एकाच दिवशी लागतात. अलास्काची राजधानी जुनो, वस्ती तीस हजारांच्या थोडी वर, तिथे लोकांनी कंटाळून शेवटी २०२४ पासून दिवसाला पाच मोठ्या जहाजांची मर्यादा घालून घेतली. हॉलंड अमेरिकाची जहाजं दोन-अडीच हजार प्रवाशांच्या आसपासची, वयस्कर प्रवासी जास्त, रात्री शांत. व्हायकिंग तर हजाराच्या आतलं. मुलांचा गोंधळ नको असेल तर व्हायकिंग आणि व्हर्जिन व्हॉयेजेस १८ वर्षांखालच्या कुणाला घेतच नाहीत, पण व्हर्जिनवर शांतता मिळेल असं समजू नका, तिथला सगळा थाट पार्टीचा.

आणि ज्या जोडप्याला खरोखर रानच हवंय त्यांनी लहान जहाजांकडे बघावं, अनक्रूझ किंवा नॅशनल जिओग्राफिकच्या नावाने चालणारी लिंडब्लाड. शंभराच्या आसपास किंवा त्याहून कमी माणसं, अमेरिकन झेंडा असल्यामुळे व्हिक्टोरियाची सक्ती नाही, जुनो किंवा सिटकाहूनच सुरुवात होते. समोर हंपबॅक देवमासा दिसला तर जहाज थांबतं, दुपारी रबरी बोटीने किनाऱ्यावर उतरवतात, कयाक देतात. भाडं मोठ्या जहाजाच्या दुप्पट-तिपटीहूनही जास्त असू शकतं पण त्यात रोजचं फिरणं बहुतेक धरलेलं असतं. तिथे शो नाहीत, दुकानं नाहीत, केबिन लहान. स्वयंपाकघरही लहान, त्यामुळे शाकाहारी असाल किंवा कसली अॅलर्जी असेल तर बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा, मध्येच सांगून सामान येणार नाही.

पोर्ट मोजणं, तास न मोजणं

"चार पोर्ट" बघून खूश होऊ नका, प्रत्येक ठिकाणी किती वाजता पोचतं आणि किती वाजता निघतं ते बघा. केचिकॅनला सकाळी सातला लागून दुपारी एकला निघणारं जहाज म्हणजे नाश्ता करून उतरेपर्यंत अर्धा वेळ गेला. त्यातही तिथे काही जहाजं गावात न लागता वॉर्ड कोव्हला लागतात, तिथून गाव दहा-अकरा किलोमीटर, बसने जायचं आणि परतीच्या रांगेत उभं राहायचं. उलट जुनोला दुपारी पोचून रात्री दहाला निघणारं जहाज चांगलं, कारण जूनमध्ये तिथे अठरा तास उजेड असतो, संध्याकाळी सातलाही देवमासे बघायला जाता येतं. स्कॅगवेला व्हाइट पासच्या रेल्वेत बसायचं असेल (१९०० साली पूर्ण झालेली, सोन्याच्या शोधातल्या लोकांसाठी बांधलेली) तर निदान सात-आठ तास हवेत, म्हणजे खाली येऊन गावातही फिरता येईल.

फक्त भाड्याची तुलना

जाहिरातीतलं भाडं एका माणसाचं, तेही आतल्या खिडकी नसलेल्या केबिनचं. त्यावर पोर्ट फी, अलास्का राज्याचा माणशी ३४.५० डॉलरचा क्रूझ कर, मोठ्या जहाजांवर टिप रोज माणशी साधारण १६ ते २० डॉलर, म्हणजे दोघांचे सात रात्रींचे अडीचशेच्या आसपास, मग ड्रिंक, वायफाय. आणि खरा खर्च किनाऱ्यावर होतो. देवमासे बघायची बोट माणशी दीडशे-दोनशे डॉलर, हेलिकॉप्टरने हिमनदीवर उतरायचं तर त्याच्या कितीतरी पुढे. दोघांनी आधी ठरवा की कुठल्या दोन गोष्टी सोडायच्याच नाहीत, त्याचे पैसे धरा आणि मग जहाजांची एकूण बेरीज मांडा. बऱ्याचदा महाग वाटणारी कंपनी शेवटी तेवढ्यालाच पडते.

केबिनबद्दल एवढंच, की "गॅरंटी" नावाची स्वस्त केबिन घेतली तर जागा कंपनी ठरवते आणि खिडकीसमोर लाइफबोट येऊ शकते. बाल्कनी परवडत असेल तर दोघांसाठी घ्याच, पण हिमनदीच्या दिवशी तिथे बसून राहू नका, पुढच्या उघड्या डेकवर जा. डावी बाजू की उजवी हा वाद हिमनदीसमोर तरी निरर्थक, जहाज तिथे दोन्ही बाजूंनी वळवतात.

सीझनचं म्हणाल तर मे कोरडा, डोंगरावर भरपूर बर्फ, गर्दी कमी. जुलै-ऑगस्टला नद्यांत सामन मासे चढतात आणि त्यामागे अस्वलं. सप्टेंबरला पाऊस, पण रात्र परत आलेली असते आणि आकाश मोकळं असेल तर नॉर्दर्न लाइट्सचा चान्स.

आधीच बुक झालंय आणि आता हे वाचताय?

घाबरू नका, बरंच सुधारता येतं. सगळ्यात आधी शेवटचे पैसे भरायची तारीख बघा, ती साधारण निघण्याच्या तीनेक महिने आधीची असते, तोवर बऱ्याच भाड्यांत तारीख किंवा जहाज बदलता येतं (डिपॉझिट परत न मिळणारं आहे का ते मात्र नीट वाचा). एंडिकॉट आर्मची फेरी असेल तर जहाजावरूनच थेट एका छोट्या बोटीत उतरवून हिमनदीजवळ नेणारी टूर असते का ते विचारा. मोठं जहाज जिथे थांबतं त्याच्या खूप पुढे ती बोट जाते. आम्हाला पहिल्या वेळी ही माहीत असती तर तो दिवस वाचला असता. हेलिकॉप्टर किंवा छोट्या विमानाची टूर पहिल्याच शक्य असलेल्या पोर्टला घ्या, कारण ढग आले की ती रद्द होते, पैसे परत येतात पण संधी येत नाही, पहिली रद्द झाली तर पुढच्या पोर्टला परत प्रयत्न करता येतो. बोट लागणारा जोडीदार असेल तर केबिन जहाजाच्या मधोमध आणि खालच्या डेकवर बदलून मागा, गोळी जहाज हलायच्या आधी घ्या, मळमळायला लागल्यावर तिचा उपयोग फार कमी होतो.

आणि जहाज बर्फामुळे मागेच थांबलं तरी आत जाऊन बसू नका. इंजिनाचा आवाज कमी झालेला असतो, सगळे डेकवर गप्प असतात, आणि लांबवर कडा तुटल्याचा आवाज दृश्यानंतर काही सेकंदांनी येतो. इथले मूळ रहिवासी, ट्लिंगिट लोक, त्याला पांढरा गडगडाट म्हणतात. दुसऱ्या वेळी ग्लेशियर बेमधल्या मार्जरी ग्लेशियरसमोर आम्ही तासभर तसे उभे होतो, हातमोजे घालूनही बोटं बधिर झालेली, आणि नवरा दर वेळी आवाज आला की माझा हात दाबायचा.