बीपीचं यंत्र लावण्याआधी: मेंदू, हृदय आणि किडनीसाठी घरी काय करायचं

मी मिरजेत डायलिसिस विभागात सिस्टर आहे. तासगाव, पलूस, जत, विटा अशा कुठून कुठून माणसं येतात. त्यातल्या बऱ्याच जणांचं बीपी किडनी जाण्याआधी कित्येक वर्षं वाढलेलं असतं, पण दुखत-खुपत नाही म्हणून कुणी लक्ष दिलेलं नसतं. घरात यंत्र असतं आणि तेही चुकीच्या पद्धतीनं लावलं जातं. म्हणून हे सविस्तर लिहिते.

आधी आत काय चालतं ते समजून घ्या, म्हणजे नियम पाठ करावे लागत नाहीत. मेंदूचा जो भाग मानेकडं उतरतो, तिथून सिंपथेटिक मज्जातंतूंना हुकूम जातो. हे तंतू हृदयाचे ठोके वाढवतात आणि रक्तवाहिन्या आवळतात. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीत आणि महाधमनीत दाब ओळखणारी टोकं असतात. दाब वाढला की ती मेंदूला कळवतात आणि मेंदू हुकूम सैल करतो. पण बीपी महिनोन्‌महिने चढलेलंच राहिलं, तर ही टोकं तोच दाब नेहमीचा धरून चालतात.

हेच तंतू किडनीच्या रक्तवाहिनीला बिलगून किडनीतही जातात. त्यांनी जोर धरला की किडनी रेनिन नावाचं रसायन रक्तात सोडते, त्यातून रक्तवाहिन्या आणखी आवळतात आणि अंगात मीठ-पाणी साठतं. शिवाय किडनीतून मेंदूकडं जाणारे तंतूही आहेत. किडनी दुखावली की ती मेंदूला सतत चेतवत राहते. बीपीनं किडनी खराब होते आणि खराब किडनी पुन्हा बीपी वाढवते, ते असं. किडनीच्या रक्तवाहिनीत नळी घालून हे तंतू निकामी करण्याचा उपचारही आहे. 2014 मधल्या मोठ्या चाचणीत तो खोट्या (नुसता केल्याचं भासवलेल्या) उपचारापेक्षा सरस ठरला नव्हता. पुढं तंत्र सुधारलं, नव्या चाचण्या झाल्या आणि नोव्हेंबर 2023 मध्ये औषध-उपचारांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या संस्थेनं त्याला मान्यता दिली. गोळ्या मात्र त्यानं सहसा सुटत नाहीत.

थोडक्यात, यंत्रावर दिसतो तो त्या घडीचा दाब, आणि त्या घडीला मज्जातंतू किती ताणलेत यावर तो बराच हलतो. ते शांत असतानाच मोजायचं.

सकाळी उठलात की आधी लघवीला जाऊन या, कारण भरलेल्या मूत्राशयानंही दाब चढतो. मोजणं चहाच्या आधी, गोळ्यांच्या आधी आणि मिश्रीच्याही आधी. आपल्याकडच्या बायका "मी तंबाखू खात नाही" असं अगदी खरं मानून सांगतात, आणि पहाटे दात घासायला मिश्रीच असते. मी आता "तंबाखू खाता का?" विचारतच नाही, सरळ "आक्का, मिश्री किती वेळा लावता?" असं विचारते. मग खरं उत्तर मिळतं. मिश्रीतलं निकोटिन हिरडीतून रक्तात जातं आणि याच सिंपथेटिक तंतूंना डिवचतं. मिश्री लावली असेल, चहा झाला असेल किंवा रानातून चालत आला असाल, तर अर्धा तास थांबा. मिश्री सोडलीत तर फारच चांगलं.

मग पाठ टेकेल अशा खुर्चीवर पाच मिनिटं नुसतं बसा. पाय जमिनीला टेकलेले हवेत, एकावर एक नकोत. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. कमी पडलं तर खाली उशी घ्या. ब्लाऊजची बाही वर सरकवून पट्टा बांधू नका, सरकवलेली बाही दंडाला काचते. हात बाहीतून बाहेरच काढा. पट्टा कोपराच्या दोन बोटं वर यावा. दंड जाड असेल तर मोठा पट्टा घ्या, कारण लहान पट्टा बीपी जास्त दाखवतो. टीव्ही बंद, मोबाईल बाजूला, बोलणं बंद. नुसतं बोलल्यानं वरचा आकडा साधारण 10 नं चढू शकतो. एक मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. संध्याकाळी जेवणाआधी पुन्हा असंच. सात दिवस लिहून पहिला दिवस सोडा, उरलेल्यांची सरासरी काढा. ती 135/85 किंवा त्याहून जास्त आली तर वही घेऊन डॉक्टरांकडं जा.

डायलिसिसवाल्यांनी फिस्टुला (डायलिसिससाठी हातातल्या रक्तवाहिन्या जोडून केलेली जागा) असलेल्या हाताला पट्टा कधीच लावायचा नाही. घरच्यांनाही हे सांगून ठेवा.

साखरेच्या रुग्णांनी उभं राहूनही मोजायला हवं. जुन्या मधुमेहात हे मज्जातंतूच खराब होतात आणि उठल्यावर दाब सावरत नाही. पाच मिनिटं आडवे पडून मोजा, मग कुणाला तरी शेजारी घेऊन उभं राहा आणि एका मिनिटानं व तिसऱ्या मिनिटाला मोजा. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 नं उतरला तर डॉक्टरांना सांगा; मनानं गोळी कमी करू नका. अशा रुग्णांना हार्ट अटॅकमध्ये छातीत दुखेलच असं नाही. अचानक दरदरून घाम, धाप, गळून गेल्यासारखं झालं तर 108 ला फोन करा.

झोपेत बीपी 10 ते 20 टक्के उतरायला हवं. घोरता-घोरता श्वास अडकत असेल तर तंतू रात्रभर ताणलेले राहतात आणि बीपी उतरत नाही. हे स्वतःला कळत नाही, घरच्यांना विचारा आणि डॉक्टरांच्या कानावर घाला.

मन शांत करायचं म्हणजे नेमकं काय, असं मला नेहमी विचारतात. मिनिटाला सहा श्वास: सावकाश आत, त्याहून सावकाश बाहेर, मध्ये कोंडून धरायचा नाही. रोज दहा-पंधरा मिनिटं. 2001 मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी जपमाळेची प्रार्थना आणि योगातला मंत्र म्हणायला लावून पाहिलं, तर दोन्हींत श्वास मिनिटाला सहावर आला आणि दाब सांभाळणारी यंत्रणा अधिक सजग झाली. विठ्ठलाचं नाव या लयीत घेतलंत तरी चालेल. गोळ्यांच्या जोडीला, गोळ्यांऐवजी नाही.

मीठ दिवसाला माणशी 5 ग्रॅमच्या आत, पापड-लोणचं-खर्डा धरून. सैंधव हेही मीठच. आणि किडनीचा त्रास असेल तर 'लो सोडियम' मीठ विचारल्याशिवाय घेऊ नका, त्यात पोटॅशियम असतं. हळद काढून कंबर धरली म्हणून मेडिकलमधून परस्पर डायक्लोफेनॅकसारखी दुखण्याची गोळी घेणंही थांबवा, तिनं किडनीला इजा होते आणि बीपी वाढतं. बीपी किंवा साखर असेल तर किडनी कशी चालते ते कळायला वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन (प्रथिन) तपासा.

शेवटचं क्लोनिडिनबद्दल, कारण किडनीच्या बऱ्याच रुग्णांच्या कागदावर ही गोळी असते. ती थेट मेंदूत काम करते आणि सिंपथेटिक हुकूम कमी करते. एकदम बंद पडली की दबलेले तंतू उसळतात आणि दिवस-दोन दिवसांत बीपी धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतं. जत्रेला, लग्नाला गावी जाताना गोळ्या घरी राहिल्या की हेच होतं. पाकिटात चार दिवसांच्या गोळ्या उरल्या की नवीन आणा, आणि प्रवासाच्या पिशवीत एक पाकीट जादा ठेवा.