पिंजऱ्यात माकडाचं पिल्लू मारलं जातं, तेव्हा आधी या चुका बघा

रावेर-यावलची पोरं आता झूमधे कीपर म्हणून लागतायत, चांगलंय. पण फोन आला की तेच, "भो, नराने पिल्लू मारलं, पिसाळला का?" पिसाळला नाही रे, दरवाजा नको तेव्हा उघडला.

अंगावर पिणारं पिल्लू असताना नवा नर आत सोडणं, ही सगळ्यात मोठी चूक. जपानी संशोधक सुगियामांनी 1960च्या दशकात धारवाडच्या वानरांत हे बघितलं, पुढे अमेरिकन संशोधक सारा हर्डी यांनी राजस्थानात माउंट अबूला अभ्यास केला. नवा हुप्प्या टोळी घेतो, आधीच्या नराची पिती पिल्लं मारतो, दूध तुटलं की मादी लवकर माजावर येते, पुढचं पिल्लू मग त्याचं. आपल्या रावेरकडच्या पाल गावच्या जंगलात निदान पळायला झाडं तरी असतात, पिंजऱ्यात तीही नाहीत.

एका झूमधे (नाव घेत नाही) सिंहपुच्छ माकडाचा नर बाहेरून आणला. जुना कीपर सांगत होता, पिल्लाचं दूध सुटू द्या. साहेबांना पाहुण्यांना जोडी दाखवायची घाई, म्हणे दोन दिवस जाळीतून बघतायत की एकमेकांना. मादी कोपऱ्यात पाठ करून, पिल्लू पोटाशी दाबून, ओठ मागे ओढून दात दाखवत होती, ते हसणं नसतं, भीती असते. बाहेर पडायला दरवाजा एकच आणि त्यात नर बसलेला. माणसं जाळीवर काठ्या आपटत राहिली तोवर पिल्लाच्या डोक्याला चावा बसला होता. फक्त पश्चिम घाटात सापडणारं माकड, एका वेळी सहसा एकच पिल्लू, ते असं घालवलं. केळी पावडर मारून पिकवता येतात, ओळख नाही.

मी तर पिल्लू नीट खायला लागेपर्यंत नराला शेजारच्या खोलीतच ठेवतो, वर्ष लागलं तर लागू द्या. भांडत नाहीत म्हणजे जमलं असं नसतं, मादी जाळीला टेकून त्याच्याकडून अंग साफ करून घेते का ते बघायचं. सोडताना दोन दरवाजे उघडे, वर मादी निघेल पण नर अडकेल एवढी एक फट.

सगळंच नराच्या माथी मारू नका. मकाकांत (सिंहपुच्छ, लाल तोंडाची माकडं यांचा गट) वरचढ मादी दुसरीचं पिल्लू ओढून नेते, परत देत नाही, ते उपाशी मरतं आणि अंगावर जखम नाही म्हणून रजिस्टरला "नैसर्गिक मृत्यू".

खाणं एकाच घमेल्यात टाकू नका, चार कोपऱ्यांत टाका.

लगेच बाटलीवर घ्यायची हौस आवरा, माणसांत वाढलेली मादी पुढे स्वतःचं पिल्लू सांभाळताना गडबडते. फोटोसाठी तर हातच लावू नका.

मेलेलं पिल्लू आईच्या हातातून हिसकावू नका, ती टाकेल तेव्हा उचला, पोस्टमॉर्टेमला पाठवा आणि सुळ्यांच्या खुणांतलं अंतर मोजून लिहून ठेवा.