डिरेक्टरी सिंकच्या स्क्रिप्टमधील मजकुराची तुलना : या चुका टाळा

कोणाच्याही माहितीत बदल झालेला नसताना सिंकची, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या खात्यांची डिरेक्टरी मूळ प्रणालीतील माहितीशी जुळती ठेवणारी, स्क्रिप्ट रोज रात्री त्याच नोंदी ‘बदलल्या’ म्हणून पुन्हा लिहीत असेल, तर दोष बहुधा तुलनेत असतो. अशा वेळी दोन्ही मूल्ये पडद्यावर वाचून ‘सारखीच तर आहेत’ असे ठरवणे ही पहिली चूक होय. दोन्हींची लांबी आणि प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांक छापून पाहावा, म्हणजे शेवटी राहिलेली मोकळी जागा लगेच सापडते. ‘ऱ’ हे एकच चिन्ह म्हणून किंवा ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) मिळून लिहिता येते. दिसायला फरक नसला तरी पायथन भाषा ही दोन रूपे वेगळी मानते, म्हणून तुलनेपूर्वी दोन्ही बाजूंना एनएफसी या युनिकोडच्या प्रमाण रूपात आणावे. सीएसव्हीचा (स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेल्या मजकूर फाइलचा) पहिलाच स्तंभ सापडत नसेल, तर फाइलच्या आरंभी बीओएम हे अदृश्य चिन्ह आहे का ते तपासावे.

इंग्रजी अक्षरांच्या लहान-मोठ्या लिपीचा (a आणि A) प्रश्न अधिक फसवा आहे. एलडॅप या डिरेक्टरीशी संवाद साधण्याच्या पद्धतीतील बहुतेक नावे हा भेद मानत नाहीत, पायथनची साधी तुलना तो मानते, तर मायक्रोसॉफ्टच्या पॉवरशेल या स्क्रिप्टभाषेतील ‘ईक्यू’ हे तुलनेचे चिन्ह मानत नाही. म्हणून सरसकट सगळे लहान लिपीत आणण्याचा मोह होतो, पण मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीतील ‘प्रॉक्सी ॲड्रेसेस’ या ईमेल पत्त्यांच्या गुणधर्मात (नोंदीतील रकान्यात) मोठ्या लिपीतील ‘SMTP’ मुख्य पत्ता दाखवते आणि लहान लिपीतील ‘smtp’ पर्यायी पत्ता. तेथे हा भेद पुसला, की मुख्य पत्ता बदलल्याचे स्क्रिप्टला कळतच नाही. तेवढ्या गुणधर्मासाठी पॉवरशेलमधील हा भेद मानणारा ‘सीईक्यू’ वापरावा. तुलनेचा नियम प्रत्येक गुणधर्मासाठी स्वतंत्रपणे ठरवावा, असे माझे ठाम मत आहे.

रिकाम्या मूल्याचेही तसेच. ॲक्टिव्ह डिरेक्टरी रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) साठवत नाही, तो गुणधर्मच नोंदीत नसतो. त्यामुळे तेथून ‘नल’ (मूल्यच नाही) येते, सीएसव्हीतून रिकामी स्ट्रिंग येते आणि पॉवरशेल या दोन्हींना समान मानत नाही. तुलनेत दोन्ही एकच धरावीत आणि मूल्य काढायचे असल्यास रिकामी स्ट्रिंग न लिहिता गुणधर्म ‘क्लिअर’ करावा.

सर्वांत महाग पडते ती जुळवणीच्या किल्लीतील, म्हणजे दोन्हीकडच्या नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत हे ठरवणाऱ्या स्तंभातील, चूक, कारण तेथे तुलना फसली की आहे त्याच व्यक्तीचे दुसरे खाते तयार होते. स्प्रेडशीटमध्ये उघडून जतन केलेल्या फाइलमध्ये ‘00417’ या कर्मचारी क्रमांकाचा ‘417’ होतो. दोन्ही बाजूंचे आकड्यांत रूपांतर करून जुळवणी साधू नये. तो स्तंभ मूळ प्रणालीतून थेट मजकूर म्हणूनच घ्यावा.