दक्षिण पॅसिफिकमध्ये पहिलं जहाज: चक्रीवादळाच्या हंगामात डेक कॅडेटने काय पाहावं

प्री-सीमध्ये, म्हणजे जहाजावर चढण्याआधीच्या प्रशिक्षणात, आपली डेक कॅडेट मुलं (शिकाऊ अधिकारी) चक्रीवादळाचे नियम शिकतात ते अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर डोळ्यांसमोर ठेवून. फिजी, टोंगा, वानुआतूच्या फेऱ्या करणारं जहाज मिळालं की तेच नियम उलटे करून घ्यावे लागतात. हे घरूनच करून जा. तिकडचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल.

विषुववृत्ताच्या दक्षिणेला वारा वादळाच्या केंद्राभोवती घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिलात तर केंद्र डाव्या हाताला, साधारण 100 ते 125 अंशांवर. वादळ ज्या दिशेने चाललंय तिकडे तोंड केलं, तर वादळाचं धोक्याचं अर्धवर्तुळ, म्हणजे जास्त घातक अर्धा भाग, डावीकडचं. वाऱ्याची दिशा काट्यांच्या उलट सरकत असेल, म्हणजे आग्नेयेकडून पूर्वेकडे, तर आपण त्याच बाजूला आहोत. तेव्हा वारा पोर्ट बोवर (जहाजाच्या पुढच्या डाव्या बाजूवर) घेऊन केंद्रापासून दूर जायचं. दिशा काट्यांप्रमाणे सरकत असेल, किंवा अजिबात न बदलता दाब उतरत असेल, तर वारा पोर्ट क्वार्टरवर (मागच्या डाव्या बाजूवर) घ्यायचा. हे सगळं खऱ्या वाऱ्यावरून ठरतं. अ‍ॅनिमोमीटर जहाजाच्या वेगासकटचा वारा दाखवतो, तो आकडा तसाच लॉगबुकात चढवला की पुढचा सगळा हिशेब चुकतो.

कॅडेटच्या हातातलं सगळ्यात मोलाचं काम म्हणजे दर तासाला बॅरोमीटरवर हवेचा दाब वाचणं. उष्ण कटिबंधात दाब रोज दोनदा चढतो-उतरतो: स्थानिक वेळेनुसार सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास वर, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास खाली. फरक सुमारे 3 हेक्टोपास्कलचा (दाबाचं एकक). त्यामुळे दुपारी दाब उतरताना दिसला म्हणून घाबरू नका. उलट, चार ते दहा या वेळेत काटा जागेवरच थांबला असेल तर ते जास्त गंभीर, कारण तेव्हा तो चढायला हवा होता. उपकरणाची चूक, उंची आणि या रोजच्या चढउताराची दुरुस्ती करून आकडा त्या भागाच्या, त्या महिन्याच्या सरासरीशी ताडून पाहा. ती सरासरी पायलट बुकात, म्हणजे त्या किनाऱ्याच्या मार्गदर्शक पुस्तकात, मिळते. 3 हेक्टोपास्कलने कमी असेल तर सावध व्हा. 5 ने कमी म्हणजे जवळपास वादळ आहेच, बहुधा 200 सागरी मैलांच्या आत. कॅप्टनना लगेच उठवा, मध्यरात्र असली तरी.

या पट्ट्यातले इशारे फिजीतल्या नाडी या गावच्या चक्रीवादळ केंद्रातून निघतात. त्यांच्यात दिलेला वाऱ्याचा वेग 10 मिनिटांच्या सरासरीचा, अमेरिकन इशाऱ्यांतला 1 मिनिटाचा, आपल्या हवामान खात्याचा 3 मिनिटांचा. एकाच वादळाचे आकडे वेगळे दिसतात ते यामुळे. वेळ युटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) असते आणि फिजी 12 तास पुढे, त्यामुळे तारीखही बदलते. नकाशावर वादळाचं केंद्र मांडताना ते एक दिवस मागे पडतं ते इथेच.

अंदाजातली मार्गरेषा म्हणजे पक्का रस्ता समजू नका. फेब्रुवारी 2016 मध्ये विन्स्टन हे चक्रीवादळ टोंगाच्या दिशेने गेलं, तिथे रेंगाळून वळलं आणि 20 तारखेला पश्चिमेकडे येऊन फिजीवर आदळलं. म्हणून वादळाच्या केंद्रापासून 34 नॉटचा (ताशी 34 सागरी मैल) वारा जिथवर पोहोचतो त्या त्रिज्येत 24 तासांच्या अंदाजासाठी 100, 48 साठी 200 आणि 72 साठी 300 सागरी मैल वाढवून वर्तुळं काढा. त्यांच्या बाहेर राहायचं.

डेकवरची तयारी उजेडातच उरका: लॅशिंगचे (माल बांधणाऱ्या साखळ्या-दोरांचे) टर्नबकल आवळा, हॅचचे (मालकोठाराच्या झाकणांचे) क्लीट आणि व्हेंट बंद करा, डेकवरचं पाणी बाहेर सोडणाऱ्या फ्रीइंग पोर्टसमोर दोर किंवा डनेज (मालाखालची लाकडं) राहू देऊ नका, धरून चालायला लाइफलाइन बांधा. अर्धवट भरलेल्या टाक्यांची यादी चीफ मेटना (कॅप्टननंतरच्या अधिकाऱ्यांना) द्या. आत डचमळणारं पाणी स्थिरता खातं. अंधार पडल्यावर ब्रिजला विचारल्याशिवाय कोणीही डेकवर जाऊ नये.

बंदरातून निघायचं असेल तर वादळ दूर असतानाच निघावं लागतं. सुव्हासारख्या बंदराची वाट प्रवाळकड्यातल्या फटीतून जाते. मोठा स्वेल, म्हणजे दूरच्या वादळातून आलेल्या लांब लाटा, वाऱ्याच्या आधी पोहोचतो. अशा अरुंद फटींच्या तोंडाशी लाटा फुटू लागल्या की वाट बंद. शिवाय कड्यावरून आत आलेलं पाणी त्याच फटीतून बाहेर पडतं, त्यामुळे प्रवाह भरती-ओहोटीच्या तक्त्याशी जुळत नाही. वादळ गेल्यावरही हा ओघ लगेच ओसरत नाही. बोये जागेवरून सरकलेले असू शकतात, वाट दाखवणारे किनाऱ्यावरचे लीडिंग मार्क पडलेले असू शकतात, पाण्यात ओंडके तरंगत असतात. काही बेटांचे नकाशे जुन्या सर्वेक्षणावरचे आहेत, जीपीएसची जागा त्यांच्यावर बरोबर बसेलच असं नाही. आत शिरताना रडार आणि डोळ्यांनी घेतलेली बेअरिंग (खुणांच्या दिशा) यांच्यावर भर द्या. सूर्य पाठीशी आणि बराच वर असेल तेव्हा पाण्याखालचा प्रवाळ रंगावरून ओळखू येतो. शक्य असेल तर प्रवेशाची वेळ त्याप्रमाणे ठरवतात.