गरम झाली की बंद पडणारी पिकअप: शोधाला निघण्याआधी

जुनी डिझेल पिकअप सकाळी एका सेल्फमध्ये लागते, तासभर छान चालते आणि मग बंद पडते. ओढून गॅरेजला नेईपर्यंत गार होते आणि मेकॅनिकसमोर निमूट चालू होते. म्हणून दोष शोधायचा तो ती गरम आणि बंद असतानाच, जागेवर. त्या दहा मिनिटांसाठी सगळं हाताशी ठेवूनच निघा.

सीटखाली १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प, रिंग पाने, पक्कड, क्लिपा, तांब्याचे नवे वायसर, जाड सुती फडकं आणि पाण्याचा कॅन ठेवा. चाकाला लावायला दोन दगड घ्या. गाडी रिकामी न्या आणि घाट टाळा, कारण इंजिन बंद पडलं की ब्रेकचा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो.

डिझेल फिल्टर आणि इंजिनाला दाबाने डिझेल देणाऱ्या पंपाच्या मध्ये वीतभर पारदर्शक डिझेल पाइप घरीच बसवून घ्या. सगळ्यात जास्त भरवसा माझा यावरच आहे. चार महिने आम्ही फिल्टर बदलत बसलो होतो. शेवटी नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट घेऊन येताना गाडी बंद पडली, तेव्हा त्या पाइपात मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक सरकताना दिसले. टाकीकडून येणारा रबरी पाइप क्लिपेखाली चिरला होता. गरम होऊन मऊ पडला की चीर उघडायची आणि गाडी एअर घ्यायची.

सोबत कुणीतरी वही घेऊन बसू दे. किती वेळाने बंद पडली, तापमानाचा काटा कुठे होता, टाकीत डिझेल किती होतं, हे लिहायचंच. पण आचके देत गेली की झटक्यात विझली, हे आधी. आचके म्हणजे बहुधा डिझेल पोचत नाही. तेव्हा पहिल्यांदा टाकीचं झाकण उघडा. जोरात हवा आत ओढली गेली तर झाकणाचं भोक बुजलंय. झटक्यात विझली तर चावी ऑन ठेवून पंपावरच्या सोलेनॉइडला (डिझेल चालू-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह) लॅम्प लावा. लॅम्प पेटत नसेल तर वायरिंग बघा. पेटतो, पण वायर काढून पुन्हा टेकवल्यावर टक् आवाज येत नाही, तर सोलेनॉइड गेलाय.

हे सगळं ठीक असेल आणि पंप रोटरी (आत फिरणाऱ्या रोटरने डिझेल देणारा) असेल तर ओलं फडकं पंपाला गुंडाळा. थेट गार पाणी ओतू नका, आतला रोटर जाम होऊ शकतो. दहा मिनिटांत फक्त पंप निवल्यावर गाडी लागली, तर रोटर झिजलाय: गरम पातळ डिझेल आतल्या आत गळतं, दाब बनत नाही. मग पंप उतरवून पंप-नोझलवाल्याकडेच न्यायचा.